सोन्याचा डाव : महागड्या, देखण्या गेमिंग लॅपटॉपचं मोल कशात?



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जुन्या श्रोत्यांनी विचारलं, की सौंदर्यशास्त्रावरच्या मालेत गेमिंग लॅपटॉप कुठून आला? प्रश्न रास्त आहे. पण ज्या वस्तूसाठी घरातली तरुण मंडळी दोन-दोन वर्षं हप्ते भरतात, आणि जी विकताना दुकानदार तिचा वेग सांगण्याआधी तिच्या झाकणावर हात फिरवून बघायला सांगतो, ती वस्तू सौंदर्यशास्त्राच्या बाहेर कशी राहील? चित्राची समीक्षा करायची आणि रोज दहा तास ज्याच्यासमोर बसतो त्या यंत्राची करायची नाही, हा आपला जुना सोवळेपणा आहे. तो आज बाजूला ठेवू.

आपण बोलणार आहोत ते सगळ्याच गेमिंग लॅपटॉपबद्दल नाही. हा बाजार ढोबळमानाने दोन भागांत विभागलेला आहे. एकीकडे जाड, प्लॅस्टिकच्या अंगाचे, मागे मोठ्या जाळ्या असलेले लॅपटॉप. दुसरीकडे अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाचे, सडपातळ, बंद केले तर एखाद्या बड्या अधिकाऱ्याच्या टेबलावर शोभतील असे. दुसऱ्या जातीचा भाव पुष्कळ जास्त. समजा, साधारण सारखीच ग्राफिक्स चिप असलेला एक लॅपटॉप दीड लाखाला आहे आणि दुसरा अडीच लाखाला. मधला एक लाख कशाचा? तो द्यावा का? एवढाच आपला प्रश्न.

आपल्या भाषेत यासाठी तीन शब्द आहेत, ते आधी वेगळे करून घेऊ. भाव, किंमत आणि मोल. भाव म्हणजे दुकानात पाटीवर लिहिलेला आकडा. किंमत म्हणजे आपण त्यासाठी जे जे सोडतो ते सगळं. त्यात पैसे आहेत, आणि त्या पैशांतून होऊ शकली असती अशी इतर कामंही आहेत. मोल म्हणजे ती वस्तू वापरून वापरून आपल्या हातात जे उरतं ते. ‘घेण्यासारखा आहे का’ असं आपण विचारतो तेव्हा मोल आणि किंमत यांची तुलना करायची असते. प्रत्यक्षात मात्र आपण दोन दुकानांतल्या भावांची तुलना करून मोकळे होतो.

आता थोडं मागे जाऊ. प्लेटोच्या नावावर ‘हिप्पियस मेजर’ नावाचा एक संवाद आहे. त्यात हिप्पियस नावाचा एक विद्वान आहे, मोठा मानी माणूस. सॉक्रेटिस त्याला विचारतो, सुंदर म्हणजे काय? हिप्पियस एका टप्प्यावर सांगून टाकतो, की सोनं. सोनं लागलं की कुठलीही वस्तू सुंदर होते. मग सॉक्रेटिस त्याला स्वयंपाकघरात आणतो. चुलीवर भांड्यात सार उकळतंय, ढवळायला एक डाव सोन्याचा आहे आणि एक अंजिराच्या लाकडाचा. कुठला अधिक सुंदर? लाकडी डावाने साराला वास चांगला येतो. भांडं फुटत नाही, सार सांडत नाही, चूल विझत नाही. सोन्याच्या डावाने हे सगळं होऊ शकतं. हिप्पियसला असले हलके विषय आवडत नाहीत, पण शेवटी त्याला मान्य करावं लागतं, की तिथे लाकडी डावच योग्य.

आम्ही मुद्दामच ‘डाव’ हा शब्द वापरतो आहोत. आमटी वाढायचा तोही डाव आणि खेळायचा तोही डाव. आजच्या विषयाला दोन्ही अर्थ लागू आहेत.

या संवादाचा पुढचा भाग मात्र बरेच जण विसरतात. सॉक्रेटिस तिथेच थांबत नाही. ‘जे योग्य ते सुंदर’, ‘जे उपयोगी ते सुंदर’, या व्याख्याही तो पुढे तपासतो आणि त्याही टिकत नाहीत. संवाद निष्कर्षाविना संपतो. म्हणून सौंदर्य म्हणजे निव्वळ उपयोग, असं म्हणून या लॅपटॉपचा निकाल लावता येणार नाही. पण जी वस्तू कामासाठीच घेतलेली आहे, तिचं सौंदर्य तिच्या कामाच्या आड येत असेल, तर ते सौंदर्य संशयास्पद आहे, एवढं तरी या डावाच्या दाखल्यावरून आपण मान्य करू.

मग गेमिंग लॅपटॉपचं सार कुठलं? तो काय ढवळतो?

खेळ चालू असताना पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ, एकशेवीस किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने काढलं जातं. साठ वेळा म्हटलं तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. एकशेवीस वेळा म्हटलं तर ८.३. तेवढ्या अवधीत प्रकाश, सावली, पाणी, धूर, सगळ्याचं गणित ग्राफिक्स चिपने करायचं. हे गणित करायला वीज लागते आणि ती वीज जवळपास सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. शंभर वॅट आत गेले तर शंभर वॅटची शेगडी पेटली, असं समजा. ही उष्णता तांब्याच्या नळ्यांतून पातळ पत्र्यांपर्यंत न्यायची आणि पंख्याने बाहेर फेकायची. त्यासाठी जागा लागते, हवा लागते. म्हणजे खेळाला हवी ती जाडी, आणि देखणेपणाच्या आजच्या कल्पनेला हवा तो सडपातळपणा. या वस्तूतलं मूळ भांडण हे आहे. बाकी सगळं त्याचे पडसाद.

हे भांडण कसं चालत आलं, ते एका उदाहरणातून पाहू. रेझर ही माऊस आणि कीबोर्डमुळे खेळाडूंमध्ये नावारूपाला आलेली कंपनी. तिने ऑगस्ट २०११ मध्ये ‘ब्लेड’ जाहीर केला. सतरा इंची पडदा, काळं अ‍ॅल्युमिनियमचं अंग, जाडी साधारण २२ मिलिमीटर, भाव सुमारे २,८०० डॉलर. त्या काळात गेमिंग लॅपटॉप म्हणजे विटेसारखे असत; त्यांच्याशेजारी हा खरोखरच पात्यासारखा दिसत होता. कीबोर्डच्या उजवीकडे एक छोटा स्पर्शपडदा आणि चित्र बदलणाऱ्या दहा कळा होत्या. पण आत ग्राफिक्स चिप होती एनव्हिडियाची जीटी ५५५एम, म्हणजे मधल्या फळीतली. टीका झाली ती नेमकी इथेच. सर्वांत वरचा भाव आणि मधली ताकद.

२०१३ मध्ये चौदा इंची ब्लेड आला. जाडी आणखी कमी, सतरा मिलिमीटरच्याही थोडी आत. अंग अप्रतिम. पडदा मात्र १६०० गुणिले ९०० ठिपक्यांचा आणि बाजूने पाहिलं तर रंग फिके पडणारा. आता विचार करा, लॅपटॉपचा जो भाग डोळ्यांसमोर सतत असतो तोच कमअस्सल, आणि जो भाग टेबलाला टेकलेला असतो तो कोरीव. २०१४ मध्ये कंपनीने उलट टोक गाठलं. पडदा ३२०० गुणिले १८०० ठिपक्यांचा, म्हणजे बरोब्बर चौपट ठिपके. पडदा देखणा झाला, पण तेवढे ठिपके घेऊन नवे खेळ नीट चालवणं आतल्या चिपला पेलणारं नव्हतं. खेळायचं तर पडद्याची बारकाई खाली आणावी लागे. म्हणजे पैसे दिलेले सौंदर्य, खेळ सुरू झाला की बंद करून ठेवायचं.

आम्ही रेझरचं उदाहरण घेतलं ते तिला नावं ठेवण्यासाठी नाही. पुढच्या वर्षांत या मालिकेतले लॅपटॉप पुष्कळ सुधारले, आणि इतर कंपन्याही याच वाटेने आल्या. उदाहरण घेतलं ते एवढ्यासाठी, की दुखणं पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. कारागिरीत काही उणं नव्हतं. कारागिरी कुठे खर्च करायची, याचा निर्णय वादाचा होता.

याच भांडणाचं दुसरं उत्तर २०१७ मध्ये आलं. एनव्हिडियाने ‘मॅक्स-क्यू’ नावाची कल्पना मांडली. हा शब्द अग्निबाणाच्या शास्त्रातला. उड्डाणात हवेचा दाब ज्या क्षणी सर्वाधिक असतो, त्या क्षणाला तो वापरतात. इथे अर्थ एवढाच, की मोठी चिप घ्यायची आणि तिला कमी विजेवर चालवायचं, म्हणजे ती पातळ अंगात मावेल. त्या वेळी असुसने झेफिरस जीएक्स५०१ आणला. झाकण उघडलं की तळाचा पत्रा खाली सरकून फट पडे आणि तिथून हवा आत जाई. वरचा अर्धा भाग थंडाव्यासाठी मोकळा सोडून कीबोर्ड पार पुढच्या काठाशी आणलेला. मग मनगट टेकायला जागाच उरली नाही. म्हणून एक वेगळी रबरी पट्टी सोबत दिलेली. अनेकांनी या पट्टीची चेष्टा केली. आमचं मत थोडं वेगळं आहे. गैरसोय आहेच, पण हा आकार खरं बोलतो. उष्णता आहे, तिला वाट हवी, हे तो लपवत नाही. अडचण लपवणाऱ्या देखणेपणापेक्षा अडचण कबूल करणारा थोडा बेढब आकार समीक्षकाला केव्हाही बरा वाटावा.

लपवणं कसं होतं, ते आता नावांवरून पाहू. भारतीय तत्त्वज्ञानात नाम आणि रूप यांची चर्चा मोठी आहे. या बाजारात एकाच नावाखाली अनेक रूपं विकली जातात. एनव्हिडियाची आरटीएक्स ५०९० ही डेस्कटॉपसाठीची ग्राफिक्स चिप. तिच्यात २१,७६० गणक-गाभे आहेत आणि तिला ५७५ वॅटपर्यंत वीज लागते. ‘आरटीएक्स ५०९० लॅपटॉप’ या नावाच्या चिपमध्ये १०,४९६ गाभे आहेत, म्हणजे निम्म्याहूनही कमी. वीज ९५ ते १५० वॅट, आणि सवड असेल तेव्हा वर थोडी. नाव तेच, वस्तू वेगळी. आणि दोन लॅपटॉपमध्येसुद्धा नाव एक असताना एकाला ९५ वॅट मिळतात आणि दुसऱ्याला १५०. हे कशावर ठरतं? अंगाच्या जाडीवर आणि आतल्या थंडाव्यावर. खोक्यावर नाव ठळक असतं; वॅट शोधावे लागतात. घेणाऱ्याने नाव वाचावं आणि मग वॅट विचारावेत. विक्रेत्याला सांगता आले नाहीत, तर कंपनीच्या तपशीलपत्रकात बघावेत. आजच्या व्याख्यानातून एवढी एक गोष्ट नेलीत तरी पुष्कळ.

पण इथे दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर ही समीक्षा उरणार नाही, वकिली होईल. वॅट निम्मे झाले म्हणून वेग निम्मा होत नाही. चिपला लागणारी वीज तिच्या गतीच्या प्रमाणात वाढते आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; आणि गती वाढवायची तर दाबही वाढवावा लागतो. त्यामुळे वरच्या टोकाला थोडीशी गती मिळवायला भरपूर वीज जाळावी लागते. उलट, त्या टोकापासून जरा खाली आलं, की वीज खूप वाचते आणि गती थोडीच कमी होते. घाटात गाडी रेटण्यासारखं आहे हे. शेवटच्या दहा किलोमीटरच्या वेगासाठी किती इंधन जातं ते चालवणाऱ्याला माहीत असतं. म्हणजे पातळ लॅपटॉप बिनकामाचा असतो, हा आरोप खोटा आहे.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघा. सर्वांत मोठी, सर्वांत महाग चिप आपण घेतो ती त्या वरच्या टोकासाठी. पातळ अंग पहिलं काय काढून घेतं? तेच वरचं टोक. म्हणजे सर्वांत महाग चिप आणि सर्वांत पातळ अंग, असा जो जोडगोळीचा लॅपटॉप दुकानात सर्वांत वर मांडलेला असतो, त्यात आपण एका हाताने टोकासाठी पैसे देतो आणि दुसऱ्या हाताने ते टोक छाटण्यासाठी पैसे देतो. तर्कशास्त्रात याला व्याघात म्हणतात. त्याच पातळ अंगात मधल्या फळीची चिप बसवली, तर व्याघात राहत नाही. तिला लागते तेवढी वीज तिला मिळते, पंखे किंचाळत नाहीत आणि अंगाचं सौंदर्य कुणाच्या आड येत नाही. देखणा लॅपटॉप घ्यायचाच असेल, तर त्याच मालिकेतला मधला घ्यावा. वरचा घेण्यात अर्थ सर्वांत कमी आणि भाव सर्वांत जास्त.

सडपातळपणाची बाजू घेणारे म्हणतात, तो बरोबर नेता येतो. ठीक. पण ‘नेता येतो’ म्हणजे काय? विमानात प्रवाशाला विशेष परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे, म्हणून मोठ्या लॅपटॉपची बॅटरी ९० ते ९९ वॅट-तासांवर थांबते. आता साधा भागाकार करा. खेळताना सगळा लॅपटॉप मिळून शंभर वॅट घेत असेल, तर नव्वद वॅट-तासांची बॅटरी चोपन्न मिनिटांत संपते. म्हणजे खेळ जिथे चार्जरची सोय आहे तिथेच. आणि मोठ्या चिपचे चार्जर २८० ते ३३० वॅटचे, चांगले विटेएवढे. सॅकमध्ये लॅपटॉप पातळ, आणि शेजारी वीट. जाडी गेली नाही, फक्त कप्पा बदलला. कॉलेजात किंवा ऑफिसात दिवसभर साधं काम आणि रात्री घरी खेळ, असा ज्याचा दिनक्रम आहे, त्याला मात्र या पातळपणाचा खरा उपयोग आहे. तो रोज खांद्यावर वाहतो.

आपल्याकडच्या श्रोत्यांसाठी आणखी एक बाब. उष्णता बाहेर जाते ती आतलं तापमान आणि बाहेरचं तापमान यांच्या फरकाच्या जोरावर. अनेक प्रोसेसरची वरची मर्यादा शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत हा फरक पंचाहत्तर अंशांचा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपुरात खोली त्रेचाळीस अंशांवर गेली, तर फरक सत्तावन्न अंशांचा. म्हणजे थंडाव्याची ताकद जवळजवळ पाव हिश्शाने गेली. अ‍ॅपल आपल्या मॅकबुकसाठी बाहेरचं तापमान दहा ते पस्तीस अंशांच्या दरम्यान असावं असं सांगतं. आणि मॅकबुकची शेगडी गेमिंग लॅपटॉपपेक्षा कितीतरी लहान. जाड लॅपटॉपमध्ये ही घट सोसायला थोडी सवड असते. पातळात सवड नसते, कारण तीच काढून तो पातळ केलेला असतो. खोली थंड नसेल, तर विदर्भ-मराठवाड्यातल्या घेणाऱ्याने हा हिशेब जरूर धरावा.

आता सौंदर्याकडे वळू. थॉर्स्टाईन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाचं ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ हे पुस्तक १८९९ चं. त्यात पुन्हा एक चमचा आहे. हाताने घडवलेला चांदीचा चमचा आणि यंत्रावर बनलेला अ‍ॅल्युमिनियमचा चमचा. वाढण्याचं काम दोन्ही सारखंच करतात, मग चांदीचा सुंदर का वाटतो? व्हेब्लेनचा मुद्दा असा, की महागपणाचं ज्ञान आपल्या डोळ्यांत शिरून सौंदर्यबोधाचा वेष घेतं. गंमत बघा, त्याच्या उदाहरणातली हलकी धातू म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने ती काढण्याची रीत सापडली आणि एके काळी मौल्यवान असलेली ही धातू स्वस्त झाली. आज तीच पुन्हा प्रतिष्ठेची झाली आहे, कारण अखंड ठोकळा यंत्राने कोरून त्यातून लॅपटॉपचं अंग काढतात. धातू स्वस्तच राहिली. भाव चढला तो कोरण्याचा.

तरीही व्हेब्लेनचं ऐकून सगळं सौंदर्य दिखाऊ ठरवणं हा उथळपणा होईल. आपण या लॅपटॉपच्या देखणेपणाचे तीन भाग करू.

पहिलं, हाताचं आणि डोळ्याचं सौंदर्य. पडदा, कीबोर्ड, टचपॅड, बिजागरी, दाबल्यावर न लवणारं अंग, मनगटाखालचा गारवा. हे वापरणाऱ्याला दररोज, तासन्‌तास मिळतं. त्यासाठी दिलेला जादा पैसा आम्ही वाया गेला असं म्हणणार नाही. चांगल्या पेनाला, चांगल्या खुर्चीला आपण पैसे देतोच.

दुसरं, मापाचं सौंदर्य. पातळपणा, हलकेपणा. हे रोज वाहणाऱ्याच्या कामाचं, टेबलावरून न हलवणाऱ्याच्या कामाचं नाही. आणि त्याचं खेळाशी भांडण आहे, हे आपण पाहिलं.

तिसरं, पाहणाऱ्याचं सौंदर्य. असुसच्या २०२० च्या झेफिरस जी१४ च्या काही प्रकारांत झाकणाच्या बाहेरच्या बाजूला १,२१५ इवले दिवे होते. त्यांवर चित्रं, अक्षरं उमटत. रेझरचा तीन तोंडांचा साप, एलियनवेअरचं परग्रहवासीयाचं डोकं, ही चिन्हंही झाकणाच्या बाहेरच. आता तुम्ही लॅपटॉप उघडून बसलात, की झाकणाची ती बाजू तुमच्याकडे पाठ करून असते. मालक सोडून बाकी सगळ्यांना ती दिसते. म्हणजे हे सौंदर्य आपण समोर बसलेल्यासाठी विकत घेतो. एखाद्याला तेही हवं असेल. पण मग हिशेब मांडताना ते खेळाच्या खात्यात लिहू नये, प्रतिष्ठेच्या खात्यात लिहावं.

आमच्या पिढीतल्या काहींना इथे बोलायची संधी मिळेल, की खेळण्यासाठी एवढे पैसे मुळात कशाला? त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. खेळ ही क्षुद्र गोष्ट नाही. योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’मध्ये संस्कृतीच खेळातून उभी राहते असं मांडलं, आपल्याकडे तर विश्वनिर्मितीलाच लीला म्हणण्याची परंपरा आहे. पण हाउझिंगाच्या विवेचनातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. खेळाचं स्वतःचं वेगळं जग असतं आणि खेळणारा त्या जगात जातो. खेळ रंगला की दहाव्या मिनिटाला लॅपटॉप दिसेनासा होतो. कोरलेलं अंग, दिवे, साप, काही दिसत नाही. आणि तो पुन्हा जाणवतो केव्हा? चित्र अडखळलं, पंखा कर्कश झाला, कळा तापल्या, की. खेळाच्या दृष्टीने चांगला लॅपटॉप तो, जो खेळताना आठवत नाही. म्हणून खेळालाच मान द्यायचा असेल, तर पैसा आधी शांत थंडाव्यावर आणि पडद्यावर जावा.

शेवटचा मुद्दा काळाचा, आणि आम्हाला तो सर्वांत गंभीर वाटतो. अ‍ॅल्युमिनियमचं कोरीव अंग वीस वर्षं सहज टिकेल. आतली ग्राफिक्स चिप नव्या खेळांच्या तुलनेत चार-पाच वर्षांत म्हातारी होते. ती बोर्डावर डाखलेली असते, बदलता येत नाही. अलीकडच्या पातळ लॅपटॉपमध्ये मेमरीसुद्धा डाखलेली असते. झेफिरस जी१४ च्या २०२४ च्या आवृत्तीत ती तशीच आहे. म्हणजे टिकाऊ देहात नाशवंत जीव, आणि दोघांना वेगळं करता येत नाही. आपल्याकडे पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली, तर पातेलं फेकत नसत, पुन्हा कल्हई लावत. म्हणूनच जाड पितळेला पैसे देण्यात अर्थ होता. इथे देहाला पितळेचा भाव आहे आणि कल्हईवाला मात्र नाही. दुसरी वाट शक्य आहे. फ्रेमवर्क कंपनीच्या सोळा इंची लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा भाग काढून नवा बसवता येतो, आणि २०२५ मध्ये कंपनीने तसा नवा भाग विकायला आणलाही. तो लॅपटॉप या मालिकांइतका देखणा नाही, सांधे दिसतात. पण टिकाऊपणाचे पैसे घेऊन टिकाऊपणा देण्याचा विचार त्यात आहे.

व्याख्यानानंतरच्या प्रश्नांतला एक प्रश्न इथे देत आहोत, कारण तो सगळ्यांच्या कामाचा आहे. एका तरुण श्रोत्याने विचारलं : “सर, नोकरीचं पहिलं वर्ष आहे. तीन लाखांचा लॅपटॉप हप्त्यावर मिळतोय. लहानपणापासून इच्छा होती. घेऊ का?”

आम्ही म्हटलं : इच्छेला आम्ही नावं ठेवत नाही. पण आधी तीन गोष्टींची उत्तरं कागदावर लिहा. तुम्ही तो आठवड्यातून किती दिवस सॅकमध्ये घालून नेणार? ज्या खोलीत खेळणार ती मे महिन्यात किती तापते? आणि शेवटचा हप्ता भराल तेव्हा तो तुम्हाला हवे ते खेळ चालवेल का? पहिल्याचं उत्तर ‘रोज’ असेल, तर त्याच मालिकेतला मधल्या चिपचा घ्या. सुखाने वापरा, आणि भावात जो फरक वाचेल त्यातून आधी चांगली वॉरंटी घ्या. उत्तर ‘क्वचित’ असेल, तर जाड अंगाचा घ्या, किंवा डेस्कटॉप घ्या, जो पुढे एकेक भाग बदलून तरुण ठेवता येतो. सर्वांत वरचा, सर्वांत पातळ, सर्वांत महाग जो आहे, तो फक्त अशा माणसाने घ्यावा, ज्याला हप्त्याचा विचार करावा लागत नाही. आणि तुम्ही प्रश्न विचारलात, म्हणजे तुम्हाला विचार करावा लागतो आहे.

त्यावर त्यांनी हसून विचारलं, “म्हणजे लाकडी डाव?”

नाही, प्रत्येक वेळी लाकडीच असं नाही. चांगल्या लाकडाचा, हाताला बसणारा, नीट घडवलेला डाव. त्या घडणीचे पैसे जरूर द्यावेत. सोन्याचे देऊ नयेत.

आज इथे थांबू.